माइकवाला हेडसेट: ६ महिने रोज ऑनलाइन वर्ग घेतल्यावर एका शिक्षिकेचा रिव्ह्यू

मी तिसरीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे हा रिव्ह्यू गाणी ऐकणाऱ्याचा किंवा गेम खेळणाऱ्याचा नाही, बास कसा आहे वगैरे मला सांगता येणार नाही. मला रोज साडेतीन तास बोलावं लागतं आणि ३४ मुलांचं ऐकावं लागतं, त्या कामाला हेडसेट कसा आहे एवढंच सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण असे हेडसेट बऱ्याच कंपन्या बनवतात आणि कंपनीपेक्षा कुठल्या प्रकारचा घ्यावा हेच जास्त महत्त्वाचं आहे असं माझं आता मत झालंय.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटलं १५-२० दिवसांचा प्रश्न आहे, मी तर वर्गाच्या कपाटात चष्म्याची डबी, मुलांच्या तपासायच्या वह्या, सगळं तसंच ठेवून आले. मुलांना नीट बाय पण केलं नाही, शुक्रवार होता, सोमवारी भेटूच म्हणून घंटा झाली तशी सगळी पळाली. नंतर ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा मी लॅपटॉपच्याच माइकवर बोलायचे. दोन आठवड्यात घसा बसला आणि मुलं म्हणायला लागली की बाई तुमचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. लॅपटॉपचा माइक तोंडापासून हातभर लांब असतो, तो तुमच्या आवाजाबरोबर खोलीचा घुमणारा आवाज, पंखा, कीबोर्डची टकटक, सगळं उचलतो, आणि समोर ८ वर्षांचं मूल एका छोट्या फोनच्या स्पीकरवर ते ऐकत असतं. मोठा माणूस अर्धं वाक्य ऐकून उरलेलं जुळवून घेतो, लहान मुलाला ते जमत नाही, त्याची शब्दांची ओळखच अजून व्हायचीय.

म्हणून हेडसेट घ्यायचं ठरवलं आणि पहिली चूक केली, ब्लूटूथचा घेतला. दिसायला सुंदर, वायर नाही, आणि नॉइज कॅन्सलिंग आहे असं खोक्यावर मोठ्या अक्षरात. मला ऐकू खरंच छान यायचं. पण त्या आठवड्यात शुद्धलेखन घेतलं आणि वह्यांचे फोटो आले त्यात जवळजवळ निम्म्या वर्गाने "साल" चं "शाल" आणि "शाल" चं "साल" केलेलं, वर्गात असताना कधीच न चुकणाऱ्या मुलांनी सुद्धा. मी आधी मुलांनाच बोलले, लक्ष कुठे असतं म्हणून, ते मला अजून टोचतं. मग माझाच वर्ग रेकॉर्ड करून ऐकला तेव्हा कळलं, मलाच माझा स आणि श वेगळा ऐकू येत नव्हता.

कारण असं आहे की साधारण कुठलाही ब्लूटूथ हेडफोन नुसतं ऐकायला वापरला तर आवाज उत्तम असतो, पण ज्या क्षणी त्याचा माइक चालू होतो त्या क्षणी तो दुसऱ्या मोडमध्ये जातो, जो फोनवर बोलण्यासाठी बनवलाय. त्यात आवाज दोन्ही बाजूंनी मोनो होतो, म्हणजे डाव्या-उजव्या कानात एकच, आणि वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे आवाजातला बारीक, तीक्ष्ण भाग, कापल्या जातात. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झचा, तसं काहीसं. आणि स या अक्षराचा जो सळसळणारा भाग असतो तो बराचसा ४००० हर्ट्झच्या वरच असतो! म्हणजे मी स म्हणत होते आणि तो वाटेतच गळत होता. मोठ्यांच्या मिटिंगमध्ये याने काही बिघडत नाही, पण अक्षरं शिकवणाऱ्या माणसासाठी हा दोष छोटा नाही. दुकानात कोणीच हे सांगत नाही म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. लहान मुलांना भाषा शिकवत असाल तर ब्लूटूथचा माइक वापरू नका, फारच हौस असेल तर ऐकायला ब्लूटूथ आणि बोलायला वेगळा वायरचा माइक असं करा.

मग आताचा हा हेडसेट, वायरचा, यूएसबीने लॅपटॉपला लागणारा, दोन्ही कान झाकणारा, तोंडापाशी वळणारी माइकची दांडी. चार्जिंगची भानगड नाही हे पहिलं सुख. वर्गाच्या मधेच बॅटरी संपली की मुलं १० सेकंदात पांगतात, परत गोळा करायला १० मिनिटं जातात.

माइक कुठे धरायचा हे शिकायला मला आठवडा लागला. तोंडासमोर ठेवला तर प, फ, भ म्हटल्यावर फट्ट असा आवाज जातो, म्हणून ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, गालापासून दोन बोटं लांब. तिथे ठेवल्यापासून एकाही मुलाने ऐकू येत नाही म्हटलेलं नाही. पुढच्या शुद्धलेखनात सालचं साल आणि शालचं शालच आलं, एकीने वहीच्या कोपऱ्यात "बाई आता डबा गेला" असं लिहून पाठवलं. तो फोटो मी जपून ठेवलाय.

घशाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण माझ्या ओळखीत बऱ्याच शिक्षकांचे घसे गेलेत या काळात. कान पूर्ण बंद असले की आपल्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि माणूस नकळत जोरात बोलायला लागतो. आजूबाजूला गोंगाट असला की आवाज चढतो हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये मांडलं होतं, त्याला लोंबार परिणाम म्हणतात, आणि गोंगाट कानात असो की आपलाच आवाज कानापर्यंत येत नसो, जीव शेवटी घशाचाच जातो. यावर उपाय म्हणजे साइडटोन, म्हणजे तुम्ही बोलता ते थोडंसं तुमच्याच कानात परत ऐकवायचं. माझ्या हेडसेटला ते आहे, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, घेताना हे आहे का ते नक्की विचारा. ते चालू केल्यापासून मी घरात बोलते तशी बोलायला लागले. वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायला लागायचा, इथे मागचा बाकच नाही, प्रत्येक मूल माझ्या आवाजाच्या अगदी जवळ बसलंय, हे अंगवळणी पडायला वेळ लागला.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले.

हेडसेट आल्यावर पहिल्या दिवशी मी वर्ग सुरू केला, सगळे म्यूटवर, आणि माझ्या कानात इतकी शांतता होती की मला बोलायला सुचेना. आधी लॅपटॉपच्या स्पीकरवर निदान खरखर तरी यायची. आता काहीच नाही. समोर ३१ चौकोन (३४ पैकी ३१, बाकीच्या तिघांबद्दल पुढे लिहिते), त्यातले अर्धे काळे, आणि आवाज शून्य. मी गोष्ट सांगत होते, गोष्टीत हसायची जागा आली, चौकोनात मुलं हसताना दिसली आणि आवाज आला नाही. काचेच्या पलीकडे पाऊस पडताना दिसावा तसं.

वर्गात मी शिकवते ते कानाने शिकवते हे मला तेव्हा कळलं. फळ्याकडे तोंड असतानाही मला समजायचं की आता भागाकार डोक्यावरून गेलाय, कारण पेन्सिली थांबायच्या. कुजबुज वाढली की कंटाळलेत. सगळ्यांचे पाय एकदम हलायला लागले की घंटा व्हायला पाच मिनिटं आहेत. कोणाच्या कंपासपेटीचं झाकण कसं वाजतं हे सुद्धा पाठ होतं. हे सगळं गेलं आणि मी चौकोन बघत बसले, मान दुखेपर्यंत.

म्हणून सगळ्यांना अनम्यूट करून कविता म्हणायला लावली. वाटलं आता वर्ग भरल्यासारखं वाटेल. पण तुटक तुटक दोन-तीन मुलांचे आवाज, मधेच तिसऱ्याचंच एक अक्षर, मग शांतता, मग परत कोणीतरी. मला वाटलं हेडसेट खराब आहे, परत करायच्या तयारीत होते. पण हेडसेटचा दोष नाही. बऱ्याच ॲपमध्ये एका वेळी सगळ्यात मोठे असे थोडेच आवाज पुढे पाठवतात. त्यात मुलं फोन स्पीकरवर ठेवून बसलेली, तेव्हा इको येऊ नये म्हणून ॲप त्यांचा माइक मधे मधे दाबतं. त्यात प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळाने पोचतो, एक मूल दुसऱ्या ओळीवर तर दुसरं अजून पहिलीच संपवतंय. आणि सगळ्यावर कडी म्हणजे नॉइज सप्रेशन, ते बोलणं तेवढं ठेवतं आणि बाकीचं गाळतं. टाळ्या गाळतं, बाक ओढल्याचा आवाज गाळतं, हसणं सुद्धा कितीदा अर्धवट कापतं.

माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकीचा गोंगाट काढायचा हे ऑफिसच्या मिटिंगसाठी बरोबरच आहे, ज्यांनी बनवलं त्यांनी चांगल्यासाठीच बनवलंय, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझा वर्ग म्हणजे तो गाळलेला भाग होता.

(नॉइज कॅन्सलिंग आणि नॉइज सप्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मलाही माहीत नव्हतं. हेडफोनचं नॉइज कॅन्सलिंग तुमच्या कानाशी काम करतं, बाहेरचा आवाज माइकने पकडून त्याची बरोब्बर उलटी लाट कानात सोडतं, ही कल्पना जुनी आहे, पॉल लुएग यांना १९३६ मध्ये याचं अमेरिकन पेटंट मिळालं होतं. ते पंखा, इंजिन अशा एकसुरी घरघरीवर चांगलं चालतं, माणसांच्या बोलण्यावर तेवढं नाही. ॲपचं सप्रेशन मात्र तुमच्या माइकमधून काय पुढे जाईल ते ठरवतं. शिक्षकाला पहिल्याची फारशी गरज नाही, माझ्या या हेडसेटला ते नाहीच आणि काही अडलं नाही. आणि दुसरं कधी बंद करायचं ते कळलं पाहिजे.)

तर मी काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड" नावाची सोय आहे, ती चालू केली की ॲप तुमच्या आवाजावर कमी संस्कार करतं. गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशनचं बटण आहे तिथे ते बंद करता येतं. पण मुलांच्या फोनवर हे करायला पालकांची मदत लागते आणि सगळ्यांना शक्य होत नाही. ज्यांना जमलं अशा ११ मुलांचा एक गट केला आणि शुक्रवारी वर्ग संपल्यावर ५ मिनिटं सगळ्यांनी अनम्यूट व्हायचं, काहीच बोलायचं नाही असं नाही आणि बोललंच पाहिजे असंही नाही, चित्र काढा, वही आवरा, काहीही करा. त्या ५ मिनिटात मला हेडसेटची खरी किंमत कळली. एकाच्या घरी पाऊस पडतोय, एकीचं बाळ भाऊ रडतंय, कोणीतरी खडू कागदावर घासतंय, कोणी नाक ओढतंय, मधेच कोणीतरी उगाचच "बाई" म्हणतं आणि पुढे काहीच बोलत नाही. वर्गात पण असंच म्हणायचे, उगाच हाक मारायचे, मी आहे ना बघायला. कविता अजूनही एकत्र म्हणता येत नाही, एक मूल ओळ म्हणतं आणि बाकीचे म्यूटवर म्हणतात, पण ही ५ मिनिटं मिळतात. आवाज तुटतो, एकावेळी सगळे येत नाहीतच, तरी मिळतात.

अजून एक फरक वायरमुळे पडला तो म्हणजे उशीर. ब्लूटूथ स्वतःच सेकंदाचा दहावा-पाचवा भाग खातो, नेटचा उशीर वेगळा. समोरासमोर बोलताना एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण ०.२ सेकंद लागतो, १० भाषांवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात हे बहुतेक सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच निघालं. आपल्या कानाला त्या लयीची इतकी सवय असते की उत्तर उशिरा आलं की समोरच्याचं लक्ष नाही असं वाटतं. २०१४ च्या एका जर्मन अभ्यासात तर कॉलवर १.२ सेकंद उशीर टाकला तर लोकांना समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा वाटायला लागला, दोष लाइनचा आणि नाव माणसाचं! हे वाचलं आणि मला तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला ज्याला मी तीनदा म्हटलं होतं की झोप झाली नाही का रे तुझी. त्याचं नेट स्लो होतं. आता मी प्रश्न विचारून मनात पाचपर्यंत मोजते, मग दुसऱ्याला विचारते. दुसऱ्या दिवशी त्याला वर्गासमोर सॉरी पण म्हटलं, तो नेहमीप्रमाणे उशिरा हसला.

हेडसेटवर ऐकलेली सगळ्यात चांगली गोष्ट मात्र वर्गातली नाही. फेब्रुवारीत मी चुंबकाच्या प्रयोगाचा एक व्हिडिओ फोनवर काढला होता, पालकांना पाठवायला, पावणेतीन मिनिटांचा. जूनमध्ये एकदा लॅपटॉपवर काहीतरी शोधताना तो सापडला, कानाला हेडसेट होताच. व्हिडिओत चुंबक आणि टाचण्या दिसतात, मुलं दिसतच नाहीत. पण मागचा सगळा वर्ग ऐकू येतो. कंपासपेटी पडली ती कोणाची ते ओळखलं. दाराजवळचा पंखा एका फेरीला टिक करायचा तो टिक करतोय. दोघी कुजबुजतायत, त्यातली एक आता दुसऱ्या गावाला गेलीये, आमच्या शाळेत परत येणार नाही. आणि मधे तीनदा माझा आवाज, "शांत बसा". मी तो व्हिडिओ किती वेळा ऐकला ते मोजलं नाही. फोनच्या स्पीकरवर तो नुसता गलका वाटतो, हेडसेटवर त्यातलं एकेक मूल वेगळं होतं. यासाठी तरी याला पैकीच्या पैकी.

तोटे पण आहेत. तासाभराने कान तापतात, गादी रेक्झिनची आहे, कापडाची गादी मिळाली तर ती घ्या. सहा महिन्यात उजव्या बाजूची गादी सोलायला लागलीये. वायर खुर्चीच्या चाकाखाली येते. म्यूटचं बटण वायरवर आहे आणि त्याला दिवा नाही, त्यामुळे एकदा अख्खं गणित मी म्यूटवर शिकवलं, मुलं हात हलवत होती आणि मला वाटलं उत्तर येतंय सगळ्यांना. दिवा असलेला घ्या. आणि आवाजाच्या पातळीवर लक्ष ठेवा, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्यांनी आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ८० डेसिबलच्या आत आणि मुलांनी ७५ च्या आत, म्हणून मुलांना इयरफोन देताना पालकांनी आवाज अर्ध्याच्या वर नेऊ देऊ नये, मी दर पालक मिटिंगमध्ये सांगते.

सगळ्यात मोठा तोटा म्हणजे हा फक्त यूएसबीचा आहे, माझ्या फोनला लागत नाही. आणि मला फोनवर बोलणं भाग आहे. वर ज्या तिघांबद्दल म्हटलं त्यांच्या घरी इंटरनेट नाही, दोघांकडे साधा बटणाचा फोन आहे आणि तिसरीच्या घरचा फोन तिच्या वडिलांबरोबर कामावर जातो. युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं की शाळा बंद झाल्यावर जगातल्या ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत दूरचं शिक्षण पोचूच शकलं नाही. हा आकडा मला नीट डोळ्यासमोर आणता येत नाही, मला तीनच चेहरे दिसतात. कोणताही हेडसेट याला उपाय नाही. मी त्यांना संध्याकाळी साधा फोन करते, प्रत्येकी २० मिनिटं, पाढे, एक उतारा, आणि मग जे बोलायचंय ते. तर तुम्हाला पण असे फोन करायचे असतील तर ३.५ एमएमची पिन आणि सोबत यूएसबीचा जोड मिळतो तसला हेडसेट घ्या, म्हणजे जुन्या फोनलाही चालेल. मी त्यासाठी साधा वायरचा इयरफोन वेगळा ठेवलाय.

तर ब्लूटूथ नको, वायरचा, दांडीचा माइक, साइडटोन, दिव्याचं म्यूट बटण, कापडाची गादी, दोन्ही पिना. माझ्या हेडसेटला ५ पैकी ४, एक स्टार फोनचा कापला.

काल त्या तिसरीला फोन लागला, बऱ्याच दिवसांनी. फोनच्या लाइनवर स गळतोच, पण तिचा श्वास ऐकू येत होता, धावत आली होती बहुतेक. आठचा पाढा म्हणून झाल्यावर थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग विचारलं, बाई, माझी जागा कोणाला दिली नाही ना, खिडकीजवळची?

नाही दिली गं, म्हटलं.